मर्व्हिनची परात

सोनार आयव्हरने काचेची कुपी उजेडाकडे धरली, मग नाकाशी आणली, आणि मग हळूच विचारलं, "हे सगळं?"

"अकरा वर्षांचं," मर्व्हिन ट्रेगिअर छाती फुगवून म्हणाला.

आयव्हरने कुपीतलं पाणी ओतून टाकलं. पाण्यात मुगाएवढे दिसणारे सोन्याचे कण पाण्याबाहेर येताच खसखशीएवढे झाले. ते वाळवून काट्यावर ठेवले, तर अर्धा ग्रॅम भरले.

"अंगठीला चार ग्रॅम लागतात, मर्व्ह. एवढ्यात मुलामा होईल. तोसुद्धा आतल्या बाजूने."

मर्व्हिनच्या थोरल्या मुलीचं, रोवेनाचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. या किनाऱ्यावर बापाने स्वतः ओढ्याच्या वाळूतून धुऊन काढलेल्या सोन्याची अंगठी मुलीच्या बोटात जाते. नाही गेली तर कुणी बोलत नाही, पण बघतात सगळे. आणि मर्व्हिनने तर रोवेना शाळेत असल्यापासून तिला वचन दिलं होतं. तिने आईची अंगठी नको म्हणून सांगितलं होतं, दुकानातली नको म्हणून सांगितलं होतं. तिला बाबांचीच हवी होती.

दुकानातून तो सरळ दारूच्या गुत्त्यावर गेला. गुत्तेवाल्या डेसने ग्लास पुसत विचारलं, "काय म्हणाला सोनार?"

"म्हणाला काय! बघतच राहिला," मर्व्हिन म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं. पण ऐकणाऱ्यांनी त्यातून ढीगभर सोनं गृहीत धरलं.

शनिवारी सकाळी मर्व्हिन आणि त्याची बायको नोला ओढ्यावर पोचले, तेव्हा अख्खा गुत्ता त्यांच्या आधी हजर होता. कुणाच्या हातात परात, कुणाच्या हातात घमेलं, आणि एकाकडे तर कुत्र्याचं जेवणाचं भांडं. ओढ्याचा हा पट्टा सरकारने हौशी लोकांसाठी मोकळा ठेवलेला. तिथल्या फलकावर स्वच्छ लिहिलं होतं: कुणीही यावं, हाताने खणावं, मिळेल ते घरी न्यावं, जागा अडवू नये, खणलेला खड्डा बुजवून जावं. अकरा वर्षांत मर्व्हिनला हा फलक एवढा कधी टोचला नव्हता.

"मर्व्ह, नेमकं कुठे खणतोस रे?" डेस म्हणाला. "आता लपवू नकोस. आपण एका बाकावरचे."

मर्व्हिनचं डोकं अशा वेळी भलतंच चालायचं. त्याने आवाज खाली आणला. "तुमच्यापासून काय लपवायचं? त्या वरच्या अंगाला, झाडांखाली. माझे बुजवलेले खड्डे आहेत ना, तेच उकरा. तिथे अजून पुष्कळ आहे."

लोक शेळ्यांसारखे तिकडे पळाले. ते खड्डे मर्व्हिनने स्वतः धुऊन टाकलेल्या वाळूनेच भरले होते. जिच्यातून दाणा न् दाणा काढून झाला, ती वाळू! तो गालातल्या गालात हसत खालच्या कोऱ्या जागी बसला.

नोलाने कपाळावर हात मारला.

गुडघ्यांमुळे मर्व्हिन ओढ्यात उतरत नसे. पत्र्याच्या टबात पाणी घेऊन परात धूत असे. परात पणजोबांची, पोलादी. पणजोबा याच परातीत न्याहारी तळायचे, म्हणून मर्व्हिनही दर शनिवारी तिच्यात चार सॉसेज तळायचा आणि मग फडक्याने पुसून तिच्यातच सोनं शोधायचा. परातीला साबण लावणं म्हणजे पणजोबांचा अपमान. दुपारी तो तोंडावर टोपी घेऊन तासभर घोरायचा आणि नोला टब घेऊन भांडी धुवायला जायची. भांडी म्हणजे दोन कप.

त्या दिवशी मात्र झोप लागली नाही, कारण वरून आरोळ्या यायला लागल्या.

"सापडलं!"

"इकडे बघ, इकडे बघ! अख्खी रेघ आहे!"

डेस धापा टाकत खाली आला आणि त्याने मर्व्हिनला मिठीच मारली. "देवमाणूस आहेस तू! आम्ही तुला कवडीचुंबक समजायचो रे." त्याच्या घमेल्याच्या तळाशी काळ्या वाळूवर पिवळी रेघ चमकत होती. मर्व्हिनचा चेहरा कच्च्या पिठासारखा झाला. तेवढ्यात डेसचं लक्ष त्याच्या परातीकडे गेलं.

"अरे, ही परात आहे की रश्शाचं पातेलं? वर तवंग बघ केवढा!" त्याने खिशातल्या बाटलीतून भांड्यांच्या साबणाचा एक थेंब परातीत टाकला. तवंग फाटला, आणि पाण्यावर तरंगणारे चार पिवळे कण शहाण्या मुलांसारखे तळाशी जाऊन बसले. "तेलकट पाण्यावर बारीक सोनं तरंगतं आणि काठावरून निघून जातं. पोराटोरांना माहीत असतं हे!"

"पण माझे पणजोबा..."

"तुझे पणजोबा तळून झालं की परात चुलीत लाल करायचे, माझे आजोबा सांगायचे. तेल जाळायला!"

परात काळी पडेल म्हणून मर्व्हिनने ती कधी विस्तवावर रिकामी ठेवलीच नव्हती. म्हणजे अकरा वर्षं त्याने सोनं शोधलं नव्हतं, पेरलं होतं. आणि आज स्वतः बोट दाखवून अख्ख्या गावाला कापणीला पाठवलं होतं. डेस पुन्हा वर पळाला.

"रोवेनाला काय सांगू गं?" मर्व्हिन म्हणाला. "तोंड कसं दाखवू पोरीला?"

नोलाने शिवणाच्या पिशवीतून औषधाची एक जुनी बाटली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. बाटलीच्या तळाशी पिवळी भुकटी होती. आत पाणी नव्हतं.

"सहा ग्रॅम आहे," ती म्हणाली. "तू घोरायचास तेव्हा तू टबात सांडलेलं जमेल तेवढं धुवायचे, उरलेलं खड्ड्यांत जायचं. साबण टाकून."

"दोन कप धुवायला तासभर?"

"अकरा वर्षांनी विचारतोयस."

"मग मला सांगायचं नाही?"

"पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, परातीला साबण लाव म्हणून. तू म्हणालास, सोन्यातलं बायकांना काय कळतं. त्याच महिन्यात तुला तो डाळीएवढा गोळा सापडला. तो तू गुत्त्यावर दाखवायला नेलास. या हातातून त्या हातात फिरला, आणि परत आला का?"

मर्व्हिनने बाटली खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं.

अंगठी झाली, लग्नही झालं. रोवेना बाबांच्या गळ्यात पडून रडली आणि मर्व्हिनने भाषणात सांगितलं की या अंगठीतला कण न् कण त्याने स्वतःच्या हाताने खणला आहे. नोलाने सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या शनिवारी त्याने शहाण्यासारखी साबणाची बाटली पिशवीत टाकली. नोलाने ती काढून फडताळात ठेवली आणि तिच्या जागी सहा सॉसेज ठेवले, नेहमीपेक्षा चरबीदार.

"अगं, पण..."

"धाकटीचं लग्न व्हायचंय अजून," नोला म्हणाली. "तू आपला तळ."