ढोबळे मास्तरांच्या मच्छरांचं घराणं

ये वं सुनंदा, जवळ बस. सख्खी भाची तू, अन् दोन वर्षांनी मावशी आठवली? ते राहू दे. आधी तो उगारलेला हात खाली घे. या घरात मच्छर टाळी वाजवून मारत नाहीत. वर ढोबळे मास्तर राहतात. पूर्वी टाळीचा आवाज गेला की जिन्यावरून ओरडत, "मारली? काहून मारली? कोण्या घराण्याची होती, विचारलं होतं का?"

मास्तर आमचे भाडेकरू. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. दूधवाल्यावर चिडत, पोस्टमनवर चिडत, सक्करदऱ्याच्या तलावात निर्माल्य टाकणाऱ्यांवर तर सायकल थांबवून चिडत. मच्छर ‘चावला’ म्हटलेलं चालायचं नाही. "चावते ते बाईच, वैनी. नर बिचारा फुलांचा रस पिऊन राहते. बाईले रक्त लागते ते अंड्यांसाठी." हे ऐकलं की माझ्या सासूबाई उठून देवघरात जायच्या.

त्यांच्या खोलीत मच्छरदाणीच्या कापडाचे पिंजरे, आत पाळलेले मच्छर. रोज दिवेलागणीला मास्तर बाही वर सारून त्यांना रक्त पाजायला हात आत घालत अन् डोळे मिटून बसत.

मी एकदा भांडलेच. "मास्तर, सारीकडं मेंदूज्वर, अन् तुम्ही हे पाळून राहिले?"

तर माझ्यावरच उखडले. "ह्याईच्या पोटात रोग नाही. अन् गेला तरी पोटातच मरते. समजलं?"

मग जरा शांत होऊन सांगितलं. मच्छर रोगी रक्त पितो तेव्हा विषाणू आधी त्याच्या पोटात जातो. पोटाची भिंत ओलांडून तोंडापर्यंत आला की पुढचा माणूस आजारी. पण काही घराणी अशी असतात, की विषाणू पोटात शिरला की अंगातलं काहीतरी जागं होतं अन् त्याला तिथंच अडवतं. हे वंशातच येतं, आईकडून लेकीकडे. मास्तरांनी असं एक घराणं निवडून निवडून वाढवलं होतं. पिंजऱ्यातल्या या मच्छरांच्या काही बहिणी दूरच्या प्रयोगशाळेत पाठवून, रोग खरंच अडतो का ते तपासून घेतलं होतं. स्वतः बिनलग्नाचे, पण पिंजऱ्यात सोयरिकी जुळवत.

त्याच पावसाळ्यात गल्लीतलं एक लेकरू मेंदूज्वरानं गेलं. मास्तर कॉलेजात, मी कन्हानला माहेरी. गल्लीतल्या चौघांनी कुलूप तोडून खोलीत औषध फवारलं. एकही बाई उरली नाही.

मी आल्या पावली चौकात उभी राहिले अन् साऱ्या गल्लीला सुनावलं. "रोग अडवणाऱ्याच मारल्या ना गा तुम्ही! नाल्यातल्या सोडल्या अन् पिंजऱ्यातल्या मारल्या. कोंडलेली बाई कोणाले चावाले गेली होती?" अजून आठवलं की कान तापतात.

अन् मास्तर? एका टाळीपायी जिना दणाणवणारा माणूस, रिकामे पिंजरे धुऊन वाळत घालत होता. मी म्हटलं, "मास्तर, चिडा ना जरा."

"कोणावर चिडू, वैनी? ज्याचं लेकरू गेलं, तोच पंप मारून राहिला होता."

राग गेला नाही, पण काढायचा कोणावर ते कळेना.

घराणं बुडालं ते बुडालंच. अजूनही दिवे लागले की मास्तर गॅलरीत खुर्ची टाकतात, हात आपोआप बाही वर सारतो. नाल्यावरच्या कोण्याही येऊन हातावर बसतात. उडवत नाहीत. परवा मला म्हणाले, "आता घराणं नाही पाहत, वैनी. आली, बसली, तेवढंच."

पुन्हा दोन वर्षं लावू नको वं. लवकर ये, अन् दिवेलागणीच्या आधी ये. दिवे लागले की मी वर असते, गॅलरीत मास्तरांच्या बाजूला माझी दुसरी खुर्ची ठेवली आहे.