विजयश्रीच्या फोटोला माळ

डोळे मिटा, मुलांनो, आणि काळेवाडीतली एक खोली डोळ्यांसमोर आणा. खोलीत मोबाइल एकच, आणि त्याच्यासमोर दुसरीतली मैत्री बसली आहे. तिची आई विजयश्री चाकणच्या कंपनीत लाईनवर उभी राहून बोल्ट आवळते आणि ऑनलाइन एमबीए शिकते. पदवी मिळाली तर तिला ऑफिसात दिवसाचं काम मिळणार, आणि मैत्रीला संध्याकाळी आई मिळणार.

पण संध्याकाळची सेकंड शिफ्ट आणि कॉलेजचा तास, दोन्ही एकाच वेळी. कॅमेऱ्यात चेहरा दिसला तरच हजेरी, आणि हजेरी कमी पडली की परीक्षा नाही. शेवटी विजयश्रीने भिंतीवरचा आपला मोठा फोटो काढून लेकीच्या हाती दिला.

"हा मोबाइलसमोर ठेव. तासभर आईचा चेहरा तेवढा दिसू दे. आणि तू अजिबात बोलू नकोस."

नुकतीच खंडेनवमी झाली होती. आईने कंपनीतून उरलेली झेंडूची माळ आणली होती, आणि सांगितलं होतं, "वर्षभर राबतं त्या मशीनला माळ घालतात, बाळा." मैत्रीने विचार केला, आईएवढं कोण राबतं? तिने माळ फोटोला घातली. समोर निरांजनही लावलं.

तास घेणाऱ्या श्रीपाद सरांनी पडद्यावर पाहिलं आणि शिकवणं थांबवलं. "अरेरे, विजयश्री मॅडम! कधी झालं हे?"

बोलायची बंदी होती. मैत्री गप्प राहिली.

सगळा वर्ग आपापल्या घरी उभा राहिला. विजयश्रीला प्रत्यक्ष पाहिलेला वर्गात एकटा सुजित, आणि तो त्या वेळी तिच्याच लाईनवर होता. चहाच्या सुट्टीत तो मोबाइल घेऊन धावत आला.

"ताई, वर्गाच्या ग्रुपवर तुम्हाला श्रद्धांजली चाललीये!"

"मला? अरे, मी तर सेकंड शिफ्टला आहे!"

"मी तेच लिहिलं. तर वर्गातला वरद म्हणतो, अशा वेळी चेष्टा नको, राव."

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयश्री कॉलेजात हजर झाली. श्रीपाद सर खुर्चीतून अर्धे उठले.

"मॅडम, तुमचं नाव कमी केलं हो!"

"मी समोर उभी आहे ना, सर. परत लावा."

"समोर असून काय उपयोग? कोर्स ऑनलाइन आहे. ओळख कॅमेऱ्यावरच पटवावी लागते. आज संध्याकाळच्या तासाला दिसा. नाव परत लावायचा आज शेवटचा दिवस."

"संध्याकाळी शिफ्ट आहे, सर."

सरांना मनापासून वाईट वाटलं. "कालही फार वाईट वाटलं होतं," ते म्हणाले.

मग तिने सुपरवायझर मालोजींना फोन लावला.

"सुट्टी कशाला?"

"जिवंत आहे, ते दाखवायचंय."

"मग या की कामावर! इथं दाखवा."

ती कामावर गेली.

संध्याकाळी तास सुरू झाला. "विजयश्री मॅडम, चेहरा दाखवा," सर म्हणाले. फोटो पलंगाखाली पालथा पडला होता. पडद्यावर मैत्री आली.

"आई कामावर आहे, सर. काल पण कामावरच होती. माळ मी घातली."

कुणी हसलं नाही.

"कधी येईल गं आई?"

"रात्री."

"तोवर तास संपेल, बाळा."

 मैत्रीने मोबाइलला चार्जर लावला, कॅमेऱ्याचं तोंड दाराकडे केलं, आणि त्याच्या शेजारी मांडी घालून बसली.