कुंदासाठी विहिरीचं पाणी

घरावर संकट आलं आणि जीवरामनानांना ते आधी कळलं नाही, असं आजवर झालं नव्हतं! निदान ते स्वतः तरी तसंच सांगत. १९९४ च्या उन्हाळ्यात धुळ्याच्या त्यांच्या घरात संकट थेट नळातून शिरलं.

पेपरात लेख होता. पाण्यात कुजका पाला असला आणि वर क्लोरीन पडलं, की तिसरंच काहीतरी घातक तयार होतं. वर्षानुवर्षं पोटात गेलं तर कॅन्सरची भीती, आणि गर्भाबद्दलही शंका! नानांची एकुलती एक लेक कुंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना! क्लोरीनशिवायचं पाणी त्याहून कितीतरी धोक्याचं, असं लेखाच्या शेवटी होतं. पण तिथवर वाचायला धीर कुठला?

"कुंदे, तो पेला खाली ठेव!"

"अहो, सगळं धुळं हेच पाणी पितं," सुनंदाबाई म्हणाल्या.

"धुळ्याचं धुळं बघेल!"

दुसऱ्या दिवसापासून नाना पहाटेच्या एसटीने शिंदखेड्याकडच्या आपल्या गावी जाऊ लागले. विहिरीचं पाणी दोन कॅन भरून आणायचं, आणि घरी येताच तांब्याभर स्वतः प्यायचं. "काय उग्र वास आहे बघ! जमिनीतली खनिजं! नळाला आहेत?"

सुनंदाबाई कॅन उचलून आत नेत.

नवव्या दिवशी विहिरीवर ग्रामपंचायतीचा शिपाई भटू बादलीत पांढरी पावडर कालवत होता.

"हे काय रे?"

"टीसीएल पावडर, नाना! तुमनी पोर आठलं पाणी पिस, समजनं. मंग आठ दिनपाईन मी डबल टाकस! निंबना पाला बी बठ्ठा सडेल शे ना!"

विहिरीत कुजका पाला! वर ही क्लोरीनची पावडर! आणि खास कुंदासाठी म्हणून आठ दिवसांपासून डबल! रिकामे कॅन तिथेच टाकून नानांनी एसटी गाठली. माझ्या हाताने मी माझ्या लेकीला विष पाजलं, या विचाराने धुळं येईपर्यंत त्यांचे डोळे वाहत होते.

"दवाखान्यात चला!" दारातूनच ते ओरडले. "कुंदाला ते पाणी बाधणार!"

कुंदा निवांत आंबा चोखत होती.

"तिने थेंबही घेतलेला नाही," सुनंदाबाई म्हणाल्या. "इतका वास! मी पहिल्या दिवसापासून तिला नळाचंच देते, उकळून."

नानांच्या जिवात जीव आला. देवापुढे त्यांनी हात जोडले, आणि जोडलेले हात तसेच राहिले.

"मग एवढे दिवस ते पाणी प्यायलं कोण?"

"कोण म्हणजे? तुम्ही!"