सरकारी क्लच

बाळांनो, एका जंगलात एक जीप होती. अख्ख्या जंगलात तेवढी एकच. कुणी आजारी पडलं की त्याला जीपमध्ये घालायचं आणि खिंड ओलांडून हत्तीणबाईंच्या दवाखान्यात पोचवायचं, एवढंच तिचं काम.

जीपवर दोन ड्रायव्हर होते. सकाळी रखमाजी अस्वल, दुपारनंतर गोदूबाई माकडीण.

आता क्लच म्हणजे काय ते ऐका. ड्रायव्हरच्या डाव्या पायाशी एक पेडल असतं. ते दाबलं की इंजिन चाकांपासून सुटतं, मग गिअर बदलायचा. सोडलं की दोन्ही पुन्हा जुळतात. पेडल किती दाबल्यावर इंजिन सुटावं, ते तारेच्या टोकाला असलेला नट फिरवून ठरवता येतं.

रखमाजीचा पाय धोंड्यासारखा. नुसता टेकला तरी पेडल दबायचं. म्हणून त्याला ते सैल, खोल दाबल्यावरच इंजिन सोडणारं लागे. गोदूबाईचा पाय खालपर्यंत पोचतच नसे. म्हणून तिला ते वरच्या वर इंजिन सोडणारं लागे. पाळी बदलताना दोघं बॉनेट उघडत, नट फिरवत, चहा पीत.

"गोदूबाई, देवाने तुमच्या पायाला थोडी लांबी दिली असती तर ही खटपट वाचली असती," रखमाजी म्हणायचा.

"आणि तुमच्या पायाला थोडी अक्कल दिली असती तरी वाचली असती," गोदूबाई म्हणायची.

जीप कधी बंद पडली नव्हती. त्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

एके दिवशी प्रधान कोल्हा तिथून चालला होता. तो थांबला.

"काय चाललंय?"

"क्लच लावतोय साहेब," रखमाजी म्हणाला.

"कालही हेच चाललं होतं."

"रोजच लावतो."

"म्हणजे सरकारी पेडल रोज खालीवर होतं?" कोल्ह्याने विचारलं. "उद्या कुणी म्हणेल, सिंहासनही माझ्या मापाने करा."

सिंहमहाराजांनी हे ऐकलं आणि सभा बोलावली. सभेत कासव वेगावर पुष्कळ बोललं. मोराने पेडलला रंग सुचवला. ड्रायव्हरांना बोलावलं नव्हतं, कारण विषय पेडलचा होता. शेवटी ठरलं, की पेडल फार सैल नको, फार घट्टही नको, बरोबर मधोमध असावं. नट तिथे आणून वेल्ड केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग काय झालं? रखमाजीच्या पायाखाली क्लच सतत अर्धवट सुटलेला राहू लागला. इंजिन आणि चाकं जुळवणारी आतली प्लेट घासू लागली, जळका वास येऊ लागला. गोदूबाई सीटच्या कडेवर येऊन सगळा जोर लावी, तरी क्लच पुरता सुटत नसे. गिअर करकरत.

दोघं प्रधानाकडे गेली.

"साहेब, नट मोकळा करा. गाडी खिंडीत दगा देईल," गोदूबाई म्हणाली.

"पेडल सगळ्यांना सारखं आहे," कोल्हा म्हणाला. "पाय वेगवेगळे आहेत, हा पेडलचा दोष नाही."

पुढे एका सकाळी एक हरिणी अडली. पाडस आडवं आलं होतं. रखमाजीने तिला जीपमध्ये निजवलं आणि जीप खिंडीकडे काढली. अर्ध्या चढावर इंजिन नुसतं ओरडू लागलं. चाकं जागची हलेनात. प्लेट जळून गेली होती.

रखमाजीने हरिणीला पाठीवर घेतलं आणि तो उरलेला चढ धापा टाकत चढला. हत्तीणबाईंनी हरिणीला वाचवलं. पाडस गेलं होतं.

परतताना रखमाजी जीपपाशी बसून राहिला. गोदूबाई त्याला शोधत तिथवर आली. त्याच्या शेजारी बसली.

महाराजांनी चौकशी लावली. चौकशीत आढळलं, की नट जिथे वेल्ड केला होता तिथेच आहे. पेडल निर्दोष सुटलं. दोन्ही ड्रायव्हरांना काढून टाकलं.

जीप ओढून आणून राजवाड्यासमोर चौथऱ्यावर उभी केली. दरवर्षी कोल्हा तिला हार घालतो आणि भाषणात अभिमानाने सांगतो, की वेल्डिंग झाल्यापासून हे पेडल केसभरही सरकलेलं नाही.

आजारी जनावरं खिंड पायी चढतात.

तात्पर्य: बाळांनो, मोठेपणी प्रधान व्हायचं असेल तर जे सुरळीत चाललंय त्याला नियम लावा, आणि ते बंद पडलं की नियमाला हार घाला. प्रधान होणं जमलं नाही, तर निदान आजारी पडू नका.