गरजेप्रमाणे कार्ड

माणसाला गरज असते, हे सर्वमान्य आहे. ती गरज कोणत्या रंगाची असते, हे मात्र सोलापूरकरांना १९७४ सालच्या मार्चपर्यंत माहीत नव्हते. त्या महिन्यात शहरातल्या एका नव्या पतपेढीने तीन कार्डे काढली: पांढरे, निळे आणि सोनेरी. कार्ड दाखवून दुकानातून वस्तू न्यायची, दुकानदाराला पैसे पतपेढी देणार आणि आपण पतपेढीचे हप्ते फेडायचे. भिंतीभिंतीवर मजकूर रंगवला होता, ‘आपल्या गरजेप्रमाणे कार्ड निवडा.’

गिरणीच्या टाइम ऑफिसातले कारकून महिपती यांच्या घरात त्या वेळी एक गरज होती. त्यांची बायको केराबाई गल्लीतल्या बायकांची पोलकी हाताने शिवायची. तिची शिलाई पाहून जवळच्या मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी तिला गणवेशांचे काम देऊ केले. अट एवढीच, की जूनमध्ये शाळा उघडायच्या आत कपडे तयार पाहिजेत. हाताने ते होण्यासारखे नव्हते. शिलाई मशीन हवे होते.

ते मिळण्यात काहीच अडचण नव्हती. मशीनचे दुकानदार गुरुलिंगआप्पा केराबाईला म्हणाले होते, “वहिनी, घेऊन जावा मशीन. शाळेचं बिल निघालं की द्या.”

केराबाईने हे घरी सांगितले, तेव्हा महिपती दुखावले.

“म्हणजे उधार?”

“मग? कार्डावर न्हेलं तर रोख हुतंय व्हय?”

“ती पत असते. ही उधारी. शिकलेल्या माणसात आन् अडाण्यात काय फरक हाय का न्हाय?”

महिपती मूळचे जेऊरचे. एरवी ते पुस्तकी बोलत. रागावले की त्यांची भाषा मिळेल त्या गाडीने गावी परत जायची.

पतपेढीत व्यवस्थापकांनी तिन्ही कार्डे टेबलाच्या काचेखाली मांडली होती.

“आपली गरज काय?”

“शिलाई मशीन.”

“ती वस्तू झाली. गरज काय?”

महिपतींना आजवर एवढा खोल प्रश्न कोणी विचारला नव्हता. “कपडे शिवणे,” ते म्हणाले.

“कुणाचे?”

“शाळेच्या मुलींचे.”

व्यवस्थापकांनी मान हलवली. पांढरे कार्ड घरगुती गरजेसाठी होते. स्वतःच्या मुलीचा झगा शिवणे ही घरगुती गरज. दुसऱ्याच्या मुलीचा शिवून चार पैसे मिळाले की तो धंदा. धंद्याला निळे कार्ड, आणि निळ्या कार्डाला दुकानाचा परवाना.

“आणि सोनेरी?”

“सोनेरी कार्डाला गरज विचारत नाहीत,” व्यवस्थापक आवाज खाली आणून म्हणाले. “त्याला ऐपत लागते.”

महिपती परवान्याच्या मागे लागले. परवान्याला दुकान लागते, म्हणून पुढची खोली रिकामी करून बिऱ्हाड स्वयंपाकघरात नेले. दुकानाला पाटी लागते, म्हणून पेंटर बोलावून ‘केराबाई लेडीज टेलर्स’ अशी पाटी रंगवून घेतली. पाटी वाळायच्या आत दुकाननोंदणीचे निरीक्षक आले.

“दुकान आहे. धंदा दिसत नाही. मशीन कुठंय?”

“मशीनसाठीच तर परवाना पाहिजे, साहेब.”

“आणि परवान्यासाठी मशीन पाहिजे. म्हणजे आपलं दोघांचं म्हणणं एकच आहे,” निरीक्षक समाधानाने म्हणाले आणि निघून गेले.

शेजारी काशम्मा राहायची. ती घरी मशीनवर चादरींच्या कडा शिवायची. आपले अर्ध्या दिवसाचे काम बुडवून तिने एका दुपारपुरते मशीन दिले. उचलायला हात लावत ती म्हणाली, “मशीन पाहिजे म्हणून दाखवायला माझं मशीन न्यायचं! त्यापेक्षा रोज येऊन ह्याच्यावरच शिव की गं.”

“त्यास्नी सांग ते,” केराबाई म्हणाली. “त्यांचं सगळं पद्धतशीर हाय.”

निरीक्षकांनी मशीनचे चाक फिरवून पाहिले आणि परवाना मंजूर केला. ते जिना उतरत होते, तेवढ्यात पतपेढीचे तपासनीस निळ्या कार्डाच्या चौकशीसाठी जिना चढत होते.

“अरे, मशीन आहे की!”

“ते शेजारणीचं हाय,” केराबाई बोलून गेली.

“म्हणजे परवाना दुसऱ्याच्या मशीनवर घेतलात?”

महिपतींना घाम फुटला. “नाही, नाही. आमचंच आहे ते. बायकांना व्यवहारातलं कळत नाही.”

“मग निळं कार्ड कशाला? गरज भागलेली आहे.”

आता केराबाईने नवऱ्याकडे नुसते पाहिले. तपासनिसांनी मात्र खोलीभर नजर फिरवली. स्वतंत्र खोली, रंगवलेली पाटी, ताजा परवाना, चालू मशीन. त्यांचा आवाज एकदम आदबीचा झाला.

“महिपतराव, तुम्ही सोनेरीत बसता!”

महिपतींचा घाम जागच्या जागी वाळला.

“सोनेरीवर मशीन मिळतंय का?” केराबाईने विचारले.

“बाई, मशीन तुमच्याकडे आहेच. सोनेरीवर प्रतिष्ठेच्या वस्तू मिळतात.”

कार्ड आले. सोबत नियम आले. पहिल्या महिन्यात खरेदी झाली नाही, तर सोनेरी कार्ड रद्द होत होते आणि रद्द झाल्याची नोटीस पतपेढीच्या फळ्यावर लागत होती. प्रतिष्ठेच्या वस्तूंत रेडिओग्राम, शिकारीची बंदूक आणि गरम कापडाचा सूट एवढेच होते. रेडिओग्राम म्हणजे रेडिओ आणि ग्रामोफोनचे एकच कपाट; ते खोलीच्या दारातून आत जाईना. सोलापूरच्या ऐन मे महिन्यात महिपतींनी लोकरी सूट शिवायला टाकला.

तो दुसऱ्या शिंप्याने शिवला, हे सांगायलाच हवे.

केराबाई एकटीच गुरुलिंगआप्पांच्या दुकानी गेली. आप्पांनी तिला बसायला स्टूल दिले, चहा मागवला आणि बराच वेळ काउंटर पुसत राहिले.

“वहिनी, तुमच्यावर माझा इश्वास हाय की. पण आमीबी त्या योजनेत शिरलोय. इश्वासावर माल द्यायचा न्हाय, अशी सही करून दिलीया.”

शाळेने नमुन्याला दिलेला गणवेश केराबाईने इस्त्री केला आणि शाळेत परत नेऊन दिला. मोठ्या बाईंना वाईट वाटले. जून तोंडावर होता. काम तयार कपडेवाल्याकडे गेले.

जूनमध्ये पतपेढीने आदर्श कार्डधारकांचा सत्कार ठेवला. पाऊस नव्हता. पत्र्याच्या सभागृहात महिपती लोकरी सूट घालून उभे राहिले आणि ‘गरज कशी ओळखावी’ या विषयावर बोलले. कोटाच्या बाहीतून घाम टेबलावर ठिबकत होता, तरी त्यांनी बटण उघडले नाही. टाळ्या झाल्या. मग अध्यक्षांनी सौभाग्यवतींना दोन शब्द बोलण्याची विनंती केली.

केराबाई उठली. तिने पदर सारखा केला.

“मशीन आलं न्हाय. शाळंचं काम गेलं. आन् ह्यांच्या कोटाचा हप्ता मी रोज पोलकी शिवून फेडतीया. हातानं.”

एवढे बोलून ती बसली. महिपतींनी बुटांकडे पाहिले. अध्यक्षांनी हार उगाच दुरुस्त केला. व्यवस्थापक आभारप्रदर्शनाला उठणार, तोच तिसऱ्या रांगेतून एक गृहस्थ उभे राहिले. सगळ्यांनी माना वळवल्या. कुणीतरी आता जाब विचारणार, असे वाटले.

“वहिनी, ते झालंच,” गृहस्थ म्हणाले. “पण सोनेरी कार्डाला फोटो कोटातलाच लागतो, का साधा चालतो?”

सभागृहाने सुटकेचा श्वास टाकला. उत्तर टिपून घ्यायला पुष्कळांनी खिशातून पेन काढले.

त्या गृहस्थांचे नाव मला माहीत आहे. पण ते इथे छापले, तर आपले नाव इथे कसे, म्हणून तुम्ही उगाच दचकाल.