चार नंबरपुरते जिवंत

शालनचे यजमान रघुवीर इंगवले चार नंबरच्या खोलीत जिवंत होते आणि खोलीबाहेर सकाळीच वारले होते.

यात कोणाची हयगय झाली असंही म्हणता येणार नाही. खाली मोठ्या डॉक्टरांनी त्यांना मृत जाहीर केलं, तेव्हा ते गावभर मृत झाले. स्ट्रेचर मात्र चुकून वर गेलं. वरच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली आणि "जिवंत आहेत" म्हणून टाकलं. खोलीत जे ठरतं ते खोलीपुरतं खरं, हे काय कोणाला नव्याने सांगायला हवं?

दुपार कलल्यावर मेट्रन कारखानीस आल्या. "पाचला ही खोली बंद होणार. रंगकाम आहे."

"आणि हे?" शालनने विचारलं.

"खोली मिटली की आत ठरलेलंही मिटतं, बाई. मग बाहेरचं लागू." मेट्रन दुष्ट नव्हत्या. जाताना त्यांनी चादर सारखी केली.

रघुवीर उशीला टेकून शांत होते. उभा जन्म कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवण्यात गेल्याने त्यांना आधी नियम दिसायचा, मग स्वतःचा जीव. या स्वभावाचा शालनला लग्नापासून संताप यायचा.

"प्रोग्रॅममध्ये फंक्शनच्या आत व्हेरिएबलला दिलेली किंमत बाहेर चालत नाही," ते म्हणाले. "पोरं इथेच गोंधळायची. मी सांगायचो, आधी आत बघा. आत नसेल तरच बाहेर शोधा."

"अहो, पाच वाजत आले!"

"म्हणूनच सांगतोय. बाहेर पडायचंच नाही. आतच मोठं करायचं. खोली कुठे संपते?"

शालनने दाराकडे पाहिलं. तिथे काळ्या कडप्प्याचा उंबरा होता.

तिचा भाऊ दिनकर फरशीची कामं करायचा. तो छन्नी-हातोडा घेऊन धावत आला. उंबरा निघाला, तेव्हा मेट्रननी तो परत कधी मिळेल एवढंच विचारलं; उंबरा जागेवर नसेल तर खोली बंद करता येत नाही. मग पुढे उंबरा धरून बहीण-भाऊ आणि मागे व्हीलचेअर ढकलणाऱ्या मावशी, अशी मंडळी निघाली. खुर्ची उंबऱ्याच्या पुढे जाता कामा नये, एवढंच सांभाळायचं होतं.

उतारावर खुर्ची सुटली. रघुवीरांचा उजवा पाय कडप्प्याच्या पुढे गेला आणि घोट्यापर्यंत पांढराफटक पडला. शालनने दगडासकट पुढे झेप घेतली. गुडघे फुटले, पण पाय पुन्हा ऊन झाला.

"जपून गं," रघुवीर म्हणाले. तिला त्या क्षणी त्यांना मारावंसं वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली.

दिनकरच्या टेम्पोच्या पुढच्या बाजूला उंबरा करकचून बांधला. टेम्पो पुढे जाई तसा मागचा रस्ता चार नंबरमध्ये येई, आणि भाजीवाले आपोआप हळू आवाजात ओरडू लागत. गल्लीच्या टोकाला, घराच्याही पलीकडे, दिनकरने उंबरा टेकवला. घर आता खोलीच्या आत होतं. शालनचा जीव भांड्यात पडला. ती दाराकडे धावली.

"थांब," ओट्यापाशी रघुवीर म्हणाले. "आत कोण आहे?"

आत त्यांचे थोरले भाऊ वसंतदादा होते. निरोप मिळताच त्यांनी फोटोला हार घातला होता आणि जमलेल्यांना बसवून "आमचा रघू गेला" असं सांगितलं होतं. म्हणजे घरात वेगळं ठरून गेलं होतं, आणि घराला स्वतःचा उंबरा होता.

"दादा, हे काय इथे बसलेत! म्हणा ना जिवंत आहेत!" शालन ओट्यावरून ओरडली.

दादांनी भावाकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. "सुतक धरलंय, शालन. धरलेलं सुतक मध्येच कसं सोडू?"

दिनकरने छन्नी काढली. रघुवीरांनी त्याचा हात धरला. "हा उंबरा काढलास तर आतलं बाहेर सांडेल."

संध्याकाळी ओट्यावर खाट टाकली.

तेव्हापासून रघुवीर ओट्यावर राहतात आणि तिथेच क्लास घेतात. स्वयंपाकघर आत असल्याने शालनला आत-बाहेर करावं लागतं. आत जाताना ती कुंकू पुसते, बाहेर येताना लावते. आत फोटो दिसला की तिला खरोखरच रडू कोसळतं, कारण तिथे ते गेलेलेच असतात. डोळे पुसून ती चहा घेऊन बाहेर येते.

"किती वेळ लावलास," रघुवीर कुरकुरतात.

"तुमच्यासाठी रडत होते," ती म्हणते आणि चहात साखर ढवळून देते.