हवालदारकाकांचं सायझिंग

आमच्या घरमालकीणबाईंच्या सुनेच्या डोहाळजेवणात हवालदारकाकांना फक्त पाट मांडायला सांगितलं होतं. त्यांनी पंगतच उंचीप्रमाणे बसवली, उंच उजवीकडं, बुटकी डावीकडं. सजवलेला चौरंग उजव्या टोकाला, म्हणून तिथं सगळ्यांत उंच अशी चुलतसासू गेली आणि जिचं डोहाळजेवण ती सूनबाई भिंतीकडच्या अकराव्या पाटावर. ओटी भरणाऱ्या आजींना कमी दिसायचं. त्यांनी चुलतसासूच्याच ओटीत नारळ घातला. बायकांची हसून हसून मुरकुंडी वळली. काकांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. रांग सरळ होती, एवढं त्यांना पुरेसं होतं.

शामराव हवालदार मूळचे साताऱ्याकडचे. पलटणीतून निवृत्त होऊन सांगलीच्या विश्रामबागेत राहिलेले, माझ्या भाड्याच्या खोलीला लागून त्यांची खोली. डझनभर केळी आणली तरी आधी ती फणीतून सुटी करायची, लांबीप्रमाणे लावायची आणि मगच खायला घ्यायची. दारातल्या चपला, दोरीवरचे कपडे, कुंड्या, कशाचीच सुटका नव्हती. एकदा थांब्यावर त्यांनी सगळ्या प्रवाशांना कद बघून उभं केलं. तेवढ्यात बस आली आणि गेली. लोक चिडले, तर काका म्हणाले की बस दुसरी येती, अशी रांग पुन्हा यायची न्हाई.

तोंडात कायम एकच हुकूम, पलटणीतल्या हिंदीत: “लंबा दाहिने, छोटा बाये.” स्वतः ते पलटणीत सगळ्यांत बुटके होते. ते मात्र सांगताना आवाज बारीक व्हायचा.

आता माझं सांगते. आमचं घर जतकडचं, मेंढरं राखणारं. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि कॉम्प्युटरची पदवी मी कुणाच्या वशिल्यानं घेतलेली नाही. पण पदवीनं नोकरी मिळत नव्हती. एका कंपनीनं नवख्यांसाठी स्पर्धा ठेवली: आठवड्यात तीन कोडी प्रोग्रॅम लिहून सोडवायची, तिन्ही सुटली तरच मुलाखत. हे हुकलं तर खोली सोडून गावी परत, असं दादांना मीच कबूल करून आले होते. दादा म्हणजे माझे वडील. दोन कोडी सुटली. तिसरं सुटेना.

तिसरं असं होतं. मुलांच्या उंचीचे आकडे एका रांगेत दिलेत. अशा रांगेला आमच्यात ॲरे म्हणतात. ती मुलं गोलात अशी उभी करायची, की शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या उंचीतला मोठ्यात मोठा फरकही जितका कमी करता येईल तितका कमी व्हावा. मी आकडे उतरत्या क्रमानं लावले आणि गोल बंद केला. मग काय, सगळ्यांत उंच पोरगा सगळ्यांत बुटक्याच्या शेजारी. पडद्यावर लाल अक्षरात “चूक”. बारा वेळा चूक.

शेवटच्या दिवशी, रविवारी सकाळी, मी गॅलरीत लॅपटॉप घेऊन बसले होते. रडत नव्हते, पण रडू अगदी जवळ आलं होतं. काकांनी विचारलं, मी वैतागून सगळं सांगितलं. पोरं उभी करायची एवढंच त्यांनी ऐकलं आणि आत गेले. परत आले ते नऊ डबे घेऊन. चहाचा, साखरेचा, पोह्यांचा, सगळे भरलेले.

“ह्याला सायझिंग म्हणत्यात, पोरी. परेडचं पयलं काम.”

डबे उंचीप्रमाणे लावले. “गिनती कर!” असा हुकूम दिला आणि डब्यांच्या वतीनं स्वतःच एक ते नऊ मोजलं, प्रत्येकाचा आवाज वेगळा. साखरेचा डबा जरा किनऱ्या आवाजात बोलला. मग “विषम एक कदम आगे, सम एक कदम पीछे.” एक, तीन, पाच, सात, नऊ उजवीकडून ओळीनं उभे केले. त्यांच्यापुढं दोन, चार, सहा, आठ उलटे फिरवून जोडले: आठ, सहा, चार, दोन. दोन्ही टोकांना उंच, मधे बुटके.

“आता जुळव टोकं.”

मी डबे गोलात वळवले. पहिला आणि दुसरा शेजारी आले. कुणाच्याच बाजूला एकदम डोंगर नाही की एकदम खड्डा नाही. मी तसंच लिहिलं आणि पाठवलं. हिरवं आलं.

माझ्या पदवीवर मोठ्या माणसांच्या सह्या आहेत. त्या उत्तराखाली मात्र मी एक ओळ लिहिली, मशीन वाचत नाही अशी, फक्त माणसांसाठीची: “ही रीत शामराव हवालदार यांची.” काकांना वाचून दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली. मग, आकडे किती होते, म्हणून विचारलं. लाखभर, मी म्हटलं. आणि सगळ्यांनी हुकूम ऐकला? ऐकला. ते बराच वेळ डबे पुसत बसले. म्हणाले, “पलटण सोडल्यापास्नं आज पयल्यांदा कुणीतरी ऐकलं बघ.”

नोकरी पुण्यात लागली. काकांचा दर आठवड्याला फोन येतो. पगार, जेवणखाण, पुण्याची हवा, यातलं काही विचारत नाहीत. एकच विचारतात: उजव्या बाजूला कोण बसतं, डाव्या बाजूला कोण? उजवीकडं नगरची रेश्मा, डावीकडं एक अबोल तमिळ मुलगा. “चांगली हायत न्हवं?” हो म्हटलं की, “मग झालं,” आणि फोन ठेवतात.

परवा मी उलट विचारलं. “आणि तुमच्या बाजूला कोण असतं, काका?”

काकू जाऊन चार वर्षं झाली, लेक सासरी नाशिकला. हे मला माहीत होतं, तरी विचारून बसले.

“उजवीकडं भिंत हाय,” काका म्हणाले. “डावीकडं तू होतीस.”

या शनिवारी मी सांगलीची गाडी धरली. आता खिडकीशी बसून हे लिहितेय. कराड मागं पडलंय.